अनुक्ताचे सत्य : अद्भुत कादंबरीमालेतील रहस्ये आणि वाचकांच्या उपपत्ती

१

रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाच्या 'द व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालेचा पाचवा खंड, 'द फायर्स ऑफ हेवन', १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडाच्या अखेरीस असमोडियन नावाचे पात्र राजवाड्यातील एक दार उघडते, समोर उभ्या असलेल्या व्यक्तीला ओळखते आणि त्याच क्षणी मृत्यू पावते. मारणारे कोण, हे निवेदक सांगत नाही. या एका प्रश्नाभोवती वाचकांनी पुढे १७ वर्षे उपपत्ती रचल्या. कोण त्या वेळी कोठे होते, कोणाला हेतू होता, असमोडियनला कोणाची ओळख पटणे शक्य होते, याची कोष्टके तयार झाली. विवेचक वाचकाला पुरतील इतके दुवे संहितेत आहेत, या भूमिकेवर जॉर्डन ठाम राहिले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. मालेचा उर्वरित भाग त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केला. २०१० मध्ये आलेल्या 'टॉवर्स ऑफ मिडनाइट' या तेराव्या खंडाच्या शेवटी जोडलेल्या नामसूचीत, ग्रेंडाल या पात्राच्या नोंदीमध्ये, उत्तर देऊन टाकले आहे : मारणारी ग्रेंडाल होती.

या घटनेतून एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. १९९३ ते २०१० या काळात 'असमोडियनला ग्रेंडालने मारले' हे विधान सत्य होते काय? सत्य असेल तर ते कशाच्या बळावर, लेखकाच्या मनातील संकल्पाच्या की छापील पानावरील शब्दांच्या? आणि सत्य नसेल तर त्या १७ वर्षांत वाचक नेमके कशाचा शोध घेत होते? हा प्रश्न वरवर पाहता लोकप्रिय वाङ्मयाच्या हौशी वाचकांपुरता वाटतो. वस्तुतः अर्थनिर्णयाच्या शास्त्राला सदैव छळणारा प्रश्नच येथे उघड्या रूपात समोर येतो. शिवाय त्याला एक नैतिक बाजू आहे. रहस्य मांडणारा आणि ते उकलू पाहणारा यांचे परस्परांशी काही देणे असते काय, हेही त्यात गुंतलेले आहे.

२

प्रथम एक भेद करणे आवश्यक आहे. 'अनुत्तरित रहस्य' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी वावरतात आणि वाचकांच्या वादांतील पुष्कळसा गोंधळ या सरमिसळीतून उद्भवतो.

पहिला प्रकार राखून ठेवलेल्या उत्तराचा. लेखकाजवळ उत्तर आहे, त्याने त्याचे दुवे पेरले आहेत आणि योग्य वेळेपर्यंत ते झाकून ठेवले आहे. असमोडियनचा मृत्यू या प्रकारात मोडतो.

दुसरा प्रकार हेतुपुरस्सर राखलेल्या गूढाचा. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील टॉम बॉम्बाडिल कोण, हा प्रश्न १९५४ मध्ये पहिला खंड आल्यापासून विचारला जात आहे. अंगठीची ज्याच्यावर सत्ता चालत नाही असा हा गाणारा वनवासी देव आहे, भूमीचा आत्मा आहे की विश्वनिर्मात्याचे रूप आहे? त्याच वर्षी लिहिलेल्या एका पत्रात टोल्किन यांनी आपली भूमिका मांडली आहे. पुराणकाळातही काही कोडी असावीच लागतात आणि बॉम्बाडिल हे जाणूनबुजून ठेवलेले असे एक कोडे आहे, असा तिचा आशय आहे. येथे उत्तर लपवलेले नाही. अनुत्तरितपणा हाच रचनेचा घटक आहे.

तिसरा प्रकार निव्वळ रिक्त जागेचा. कोणतीही कथा आपल्या जगाचे संपूर्ण वर्णन करू शकत नाही. रोमान इन्गार्डन यांनी १९३१ मध्ये साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या स्थानांची जी संकल्पना मांडली ती हीच. लेडी मॅक्बेथला मुले किती, हा प्रश्न शीर्षकात घेऊन एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये अशा चौकशीची थट्टा केली, ती याच अर्थाने. टोल्किन यांच्या बालरॉग या अग्निदैत्याला पंख आहेत की नाहीत, हा वाचकांचा प्रसिद्ध वाद याच सीमेवर घुटमळतो. त्याच्याभोवतीची छाया प्रथम पंखांसारखी पसरते आणि काही ओळींनंतर 'पंख' असा सरळ शब्द येतो. पहिल्या वेळी उपमावाचक शब्द आहे, दुसऱ्या वेळी नाही. दुसरा शब्द अभिधेने घ्यावा की आधीच्या उपमेचा विस्तार मानून लक्षणेने, हा अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज ओळखता येईल असा पेच आहे. त्याचा निकाल लागला तरी कथेत काहीही बदलत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

३

या तीन प्रकारांत पहिलाच तर्काला खरे आव्हान देतो. तेथे वाचकांची विचारपद्धती कशी चालते हे पाहण्यासाठी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालेतील जॉन स्नो याच्या जन्माचे रहस्य घेता येईल. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या खंडात एडार्ड स्टार्क हा सत्यनिष्ठ सरदार जॉनला आपला अनौरस पुत्र म्हणून वाढवतो, पण त्याची आई कोण याविषयी पत्नीजवळही अवाक्षर काढत नाही. कथेचे कित्येक भाग एडार्डच्या मनातून सांगितले आहेत. तरी त्याचे मन या ठिकाणी येऊन वळसा घेते. मृत्युशय्येवरच्या लियाना या बहिणीला दिलेल्या एका वचनाची आठवण मात्र त्याला पुनःपुन्हा ग्रासते. तापाच्या भरात त्याला एक जुना प्रसंग स्वप्नात दिसतो. राजाच्या रक्षणाची शपथ घेतलेले तीन श्रेष्ठ योद्धे एका दूरच्या बुरुजापाशी उभे आहेत. राजा मारला गेला आहे, युवराज रेगार आणि त्याचा लहानगा मुलगाही मारले गेले आहेत, धाकटा राजपुत्र अन्यत्र आश्रयाला गेला आहे. तरी हे तिघे बुरुज सोडत नाहीत आणि तेथेच लढून मरतात. त्या बुरुजात लियाना आहे.

एवढ्या सामग्रीवरून, पहिल्या खंडानंतर अल्पावधीतच, वाचकांनी निष्कर्ष काढला की जॉन हा लियाना आणि रेगार यांचा पुत्र होय. या तर्काचे नेमके स्वरूप काय? हे विगमन नव्हे, कारण असे अनेक दाखले पाहून काढलेला हा नियम नाही. याला अचूक नाव आहे ते मीमांसकांच्या परिभाषेत : अर्थापत्ती. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, हे विधान रात्रीच्या भोजनाची कल्पना केल्यावाचून जुळत नाही. म्हणून तो रात्री जेवतो असे मानावे लागते. शपथबद्ध रक्षक राजकुळ सोडून बुरुज राखतात, हे बुरुजातच राजकुळाचा वारस असल्यावाचून जुळत नाही. सत्यनिष्ठ माणूस आयुष्यभर एकाच बाबतीत मूक राहतो, हे त्या मौनाला सत्याहून मोठे वचन कारण असल्यावाचून जुळत नाही. एका अनुपपत्तीतून एक उपपत्ती जन्म घेते.

अर्थापत्तीला तिचा स्वतःचा निर्बंधही आहे. तीच गोष्ट अन्य मार्गाने जुळत असेल, म्हणजे अन्यथाही उपपन्न होत असेल, तर अर्थापत्ती कोसळते. वाचकांच्या बहुसंख्य उपपत्ती याच कसोटीवर टिकत नाहीत. टिरियन लॅनिस्टर हा वस्तुतः वेड्या राजाचा मुलगा आहे, ही उपपत्ती घ्या. त्याचा पिता त्याचा द्वेष करतो, यात न जुळणारे काहीच नाही. त्याला जन्म देताना आई मेली आणि त्याच्या खुजेपणाची पित्याला लाज वाटते, ही कारणे संहितेनेच दिली आहेत. येथे अनुपपत्ती संहितेत नसते. उपपत्ती आवडल्यामुळे ती मागाहून शोधली जाते. उम्बेर्तो एको यांनी ज्याला अतिअर्थनिर्णय म्हटले त्याचे हे सर्वसामान्य रूप होय. एकदा संशय हीच पद्धती झाली की प्रत्येक साम्य पुरावा ठरते, आणि पुराव्याचा अभाव हा तर कारस्थानाचा सर्वांत मोठा पुरावा ठरतो.

४

परंतु एक गंभीर आक्षेप शिल्लक राहतो. देवदत्त रात्री जेवतो की नाही, हे जाऊन पाहता येते. तर्काबाहेर एक रात्र खरोखर अस्तित्वात आहे. कादंबरीत अशी रात्र नाही. पानावर जे नाही ते कोठेच नाही. मग तेथे अर्थापत्ती सत्य ठरते म्हणजे काय होते?

डेव्हिड लुईस यांनी १९७८ मधील आपल्या निबंधात या प्रश्नाला संभाव्य जगांच्या भाषेत उत्तर दिले. ज्या जगांत ती कथा घडलेली हकिकत म्हणून सांगितली जाते त्यांपैकी जी जगे आपल्या जगाशी, किंवा कथाकाराच्या समाजाच्या समजुतींशी, सर्वांत जवळची असतील त्या सर्वांत जे खरे ते कथेत खरे. जेथे ही जगे परस्परांपासून भिन्न होतात तेथे कथा मौन पाळते. शेरलॉक होम्सच्या डोक्यावरील केसांची संख्या सम की विषम, याला उत्तर नाही. ही मांडणी तिसऱ्या प्रकारातील रिक्त जागा नीट समजावून देते. पण अद्भुत कादंबरी स्वतःचे नियम घेऊन येते, आणि आपल्या जगाशी जवळीक हा निकष तेथे फार दूरवर नेत नाही.

मीमांसेतील एक जुना मतभेद या ठिकाणी अधिक उपयोगी पडतो. ऐकलेल्या वाक्याच्या अनुपपत्तीतून निघणाऱ्या श्रुतार्थापत्तीत नेमकी कशाची कल्पना केली जाते? प्राभाकरांच्या मते अर्थाची, म्हणजे वस्तुस्थितीची. भाट्टांच्या मते शब्दाची : 'तो रात्री जेवतो' हे वाक्यच मूळ वाक्याला पूर्ण करण्यासाठी कल्पिले जाते. कादंबरीच्या बाबतीत प्राभाकर मत अडखळते, कारण तेथे संहितेबाहेर वस्तुस्थितीच नाही. भाट्ट मताला ही अडचण येत नाही. वाचक ज्याची पूर्ती करतो ती लुप्त घटना नसते, लुप्त वाक्य असते. 'जॉन हा लियानाचा पुत्र' हे वाक्य पानावर नाही, पण पानावरील इतर वाक्ये त्याच्याशिवाय अपुरी राहतात. या अर्थाने चांगली उपपत्ती संहितेविषयी असते आणि तिचे सत्यही संहितेच्या साकांक्षतेतच असते. म्हणून ते सत्य लेखकाच्या निवाड्याची वाट पाहत थांबलेले नसते. २०१० च्या नामसूचीने असमोडियनविषयीच्या सत्याला जन्म दिला नाही. संहिता त्या उत्तराकडे आधीच झुकत होती काय, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. झुकत नसेल, तर मृत लेखकाच्या टिपणांतून आलेली नोंद ही एक माहिती आहे, अर्थ नव्हे.

येथे लेखकाच्या अधिकाराचा मुद्दा येतो. रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. त्याच्या कित्येक शतके आधी मीमांसकांनी वेदाला अपौरुषेय मानून लेखकाविना अर्थनिर्णयाचे शास्त्र उभे केले होते. दोहोंचे प्रयोजन मात्र परस्परविरुद्ध आहे. बार्त यांना अर्थ मोकळा करायचा होता, मीमांसकांना तो बांधून घ्यायचा होता. या मालांचा वाचक तिसऱ्याच, काहीशा विसंगत, जागी उभा आहे. तो संहितेला अपौरुषेयासारखे वाचतो : एकही शब्द निरर्थक नाही, एकही पुनरुक्ती निष्प्रयोजन नाही. आणि त्याच वेळी तो एका जिवंत पुरुषाच्या निर्णयाची आतुरतेने वाट पाहतो. पण पौरुषेय संहितेत चुका असतात. मार्टिन यांच्या मालेत एका पात्राच्या डोळ्यांचा रंग बदलतो, एका घोड्याचे लिंग बदलते. त्या नजरचुका आहेत, सुगावे नव्हेत. शिवाय आपण आराखडा आखून बांधणाऱ्या वास्तुविशारदासारखे लिहीत नसून बी पेरून वाट पाहणाऱ्या माळ्यासारखे लिहितो, असे मार्टिन यांनी स्वतःविषयी सांगितले आहे. बी पेरताना झाडाची प्रत्येक फांदी ठरलेली असतेच असे नाही.

अपूर्ण कृतीत आणखी एक अडचण आहे. तात्पर्यनिर्णयाच्या सहा लिंगांत पहिले लिंग उपक्रम आणि उपसंहार यांच्या एकवाक्यतेचे. मार्टिन यांच्या मालेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्याची प्रतीक्षा त्यानंतर दशकाहून अधिक काळ चालली. उपसंहारच नसेल तर अभ्यास, अपूर्वता, उपपत्ती यांवरून काढलेले प्रत्येक तात्पर्य तात्पुरते राहते. दूरचित्रवाणी मालिकेने २०१६ मध्ये जॉनच्या आईचे आणि २०१७ मध्ये पित्याचे नाव उघड केले, पण तो उपसंहार वेगळ्या कृतीचा आहे. कादंबरीतील महत्त्वाची काही पात्रे त्या मालिकेत नाहीतच. एका कृतीचे उत्तर दुसऱ्या कृतीचा प्रश्न सोडवू शकत नाही. फार तर ते एका माहितगार साक्षीदाराची साक्ष ठरते.

५

सत्याचा प्रश्न असा मांडल्यावर नैतिक प्रश्न स्पष्ट होतो. लेखक सुगावा पेरतो तेव्हा तो एक वचन देतो : हे शब्द वाया जाणार नाहीत. वाचकांनी उत्तर आधीच ओळखले म्हणून धक्का टिकवण्यासाठी उत्तर बदलणे हा त्या वचनाचा भंग होय, कारण त्यामुळे आधीचे सर्व दुवे मागाहून खोटे ठरतात आणि ज्याने लक्षपूर्वक वाचले त्यालाच शिक्षा होते. आपण असा बदल करणार नाही, ही भूमिका मार्टिन यांनी मुलाखतींतून घेतली आहे, आणि ती केवळ तंत्राची बाब नाही. मात्र वचन कृती पूर्ण होण्याचे असते काय? चार्ल्स डिकन्स १८७० मध्ये 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' अर्धवट टाकून गेले. योजलेल्या १२ भागांपैकी सहाच लिहून झाले होते. १९१४ मध्ये लंडनमध्ये जॉन जास्पर या पात्रावर ड्रूडच्या खुनाचा अभिरूप खटला चालवण्यात आला. चेस्टरटन न्यायाधीश होते, बर्नार्ड शॉ ज्यूरीचे प्रमुख. ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला आणि चेस्टरटन यांनी स्वतःखेरीज उपस्थित सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. विनोदाच्या पोटात एक गंभीर जाणीव आहे. अपूर्ण कृतीपुढे निकाल देणारा प्रत्येक जण तिचा थोडा अवमान करतोच. आणि तरीही निकाल देऊ पाहणे हीच तिला दिलेली दाद असते.

वाचकाकडेही देणे आहे. कृती आपला पराभव करू शकेल एवढी जागा त्याने उपपत्तीत ठेवली पाहिजे. कोणत्याही पुराव्याने खोटी न ठरणारी उपपत्ती हे वाचन नसून स्वतःच्याच मनाचे प्रतिध्वनी ऐकणे होय. याहून सूक्ष्म धोका दुसरा आहे. सुगावे शोधणाऱ्या दृष्टीला लियानाचा मृत्यू हा मृत्यू दिसत नाही, तो पुरावा दिसतो. रक्ताने माखलेली शय्या, वाळलेली फुले, भावाचा घट्ट धरलेला हात यांची यादी होते. कल्पित असले तरी दुःख हे केवळ कोड्याची सामग्री म्हणून वापरण्याची सवय लागणे, ही वाचनाच्या नीतीतील उणीव आहे.

आनंदवर्धनाने केलेला भेद येथे निर्णायक ठरतो. वस्तुध्वनी सूचित असला तरी तो शब्दांत सरळ सांगता येतो, आणि सांगितला की त्याची व्यंग्यता संपते. रसध्वनी मात्र कधीच वाच्य होऊ शकत नाही. रहस्याचे उत्तर हा वस्तुध्वनी आहे. म्हणून रहस्याची योग्यता उत्तर कळल्यानंतर ठरते. असमोडियनचे उत्तर एका नोंदीत मावले आणि तेथेच संपले. पुन्हा वाचणाऱ्याला त्यातून नवे काही मिळत नाही. जॉनच्या जन्माचे उत्तर कळल्यावर मात्र एडार्ड स्टार्क पहिल्या पानापासून बदलतो. ज्याची सत्यनिष्ठा सर्वांच्या तोंडी आहे तो माणूस बहिणीच्या वचनाखातर आयुष्यभर खोटे बोलला, पत्नीचा विश्वास आणि स्वतःची कीर्ती त्यासाठी गहाण टाकली, आणि त्याच्या चारित्र्याचा सर्वांत खरा अंश त्या खोट्यातच होता. येथे वस्तू रसाला वाट करून देते. उत्तर माहीत असूनही प्रसंग पुन्हा वाचवासा वाटतो, नव्हे, उत्तर माहीत असल्यामुळेच तो अधिक बोचतो.

६

मराठी वाचकाला या प्रकारचा तर्क अपरिचित नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा काय, ही शंका उपस्थित केली, ती अशीच अर्थापत्तीने. विदुर हा शापाने जन्मलेला धर्म, युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र. आणि अखेरीस अरण्यात विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. हे दुवे एकत्र ठेवले की एक न उच्चारलेले नाते आकार घेऊ लागते. या उपपत्तीवर शिक्कामोर्तब करणारा लेखक कोठेही नाही, आणि पुढचा खंडही येणार नाही. तरी तिच्याविषयी साधकबाधक युक्तिवाद करता येतात, ती अधिक की उणी संभाव्य आहे हे तपासता येते. नियोग समाजमान्य असताना हे नाते झाकण्याचे कारण काय, हा आक्षेप तिला मुकाट्याने ओलांडता येत नाही. अर्थात लेखकाच्या निवाड्याविना उपपत्तीला सत्यासत्यतेचा संदर्भच उरत नाही, हे मत या एका उदाहरणाने लंगडे पडते. आणि विदुराचे जन्मभराचे वात्सल्य, राजसभेतील त्याचा एकाकी निषेध यांना त्या शंकेमुळे जी नवी खोली येते, ती शंका सिद्ध न होताही टिकून राहते.

एकूण निष्कर्ष असा. रहस्याविषयीची उपपत्ती सत्य असते ती संहितेतील खऱ्या अनुपपत्तीचे, अन्यथा न होणारे, निरसन करते तेव्हा. लेखक हा त्या बाबतीत सर्वांत जवळचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. उपपत्ती मोलाची ठरते ती तिच्या उत्तरानंतर कृतीत वाचण्याजोगे अधिक काही उरते तेव्हा. आणि ती नैतिक ठरते ती कृतीतील माणसांना पुराव्याच्या पातळीवर न उतरवता तिला मांडता येते तेव्हा. बॉम्बाडिलसारखी काही गूढे या तिन्ही कसोट्यांच्या पलीकडे राहतात. तेथे संहिता काहीच मागत नाही, सर्व वाक्ये पूर्ण आहेत. अशा ठिकाणी उपपत्ती न मांडता थांबणे हाही अर्थनिर्णयच आहे, आणि राखून ठेवलेले उत्तर कोणते व राखून ठेवलेले मौन कोणते हे ओळखणे ही त्याची पहिली पायरी आहे.